पूल व्हता का रपटा?

"पूल व्हता का रपटा?"

कोणी सपन घेऊन आलं का बुढ्याचा पयला सवाल हाच. बस नाई म्हणे, कसा हायस नाई म्हणे. आधी हे सांग, पूल व्हता का रपटा.

ज्याईनं आमच्याकडची नदी पाह्यली नाई त्याईच्यासाठी सांगते. पूल उंच असते, खांबावर. पाणी खालून जाते, माणूस वरून जाते, एकाचा दुसऱ्याले तरास नाई. रपटा म्हंजे नदीच्या पोटातच टाकलेला शिमिटाचा रस्ता. ना कठडा, ना काही. उन्हाळ्यात पाणी खालच्या नळ्याईतून जाते अन् बरसातीत वरून. वरून चाललं का थांबा लागते. कधी तासभर, कधी दोन रोज. राळेगावाकून आमच्या गावाले याचं तं रपट्यावरूनच या लागे, अन् गावाची सारी वावरंही नदीच्या त्याच अंगाले.

बुढा त्या रपट्यावरचा माणूस. सडकेच्या गँगवर व्हता. बरसातीत त्याचं काम एकच, लाल झेंडा घेऊन रपट्यापाशी उभं राहाचं. पाणी वरून गेलं का झेंडा वर. मंग यष्टी असो, बैलगाडी असो, पोलीस पाटील असो, कोणाले जाऊ नाई दे. मी लग्न होऊन आली तवा त्याची नोकरी सरली व्हती, पण झेंडा त्यानं वापस नाई केला. धोतराच्या कमरेले खोचून फिरे. लाल रंग जाऊन कांद्याच्या फोलासारखा झालता. अंगात खाकी सदरा, नोकरीतलाच. बाह्या फाटल्या तं त्यानं कापून टाकल्या. डांबराचे पिंप ठेवाले रपट्यापाशी टिनाची एक खोली बांधलती, तिच्यातच राहे. त्याले कोणी निंघ म्हटलं नाई अन् तो निंघाला नाई.

भर उन्हाळ्यात नदीत गाढवं लोळत, धूळ उडे, तवाही एखांद्या दिवशी मनात आलं का झेंडा वर.

"बाबा, पाणी कोठी हाय?"

"येऊन राह्यलं."

"कधी येईन?"

"तुले काय घाई हाय?"

यष्टीचा डायवर शिव्या देत बिरेक मारे. बुढा गाडी दोन मिंट उभी ठेवे, मंग झेंडा खाली करून कडक सलाम ठोके. नवीन डायवर असला तं कंडक्टरच सांगे, "बुढ्याचं तसंच हाय, थांब जरासा."

तो तांड्यातला, बंजारा. चहात चिमूटभर मीठ टाकून पेये. आम्ही बाया हासो तं सांगे, त्याचे आजे-पणजे बैलाईवर मीठ लादून मुलुखभर फिरत. तवा कोठी पूल नोते. नदी थांब म्हणे तं माणूस थांबे. तथीच चूल मांडे, तीन-तीन रोज. "नदीसंगं घाई केली तं मीठ जाते, याडी," असं म्हणे. याडी म्हंजे त्याईच्या बोलीत माय. त्याच्या लेकीच्या वयाच्या बाईलेही तो याडीच म्हणे.

लेक व्हती त्याले एक. याच रपट्यावरून वाहून गेलती. मी गावात येण्याच्या आधीची गोष्ट. तिजेच्या सणाले सासरून माहेरी येऊन राह्यली व्हती. गावात साऱ्याईले मालूम, पण त्याच्या म्होरं तिचं नाव कोणी काढत नोतं. तवापासूनच म्हणे त्याले हे सपनाचं लागलं.

तेही फक्त पुलाचं. कोणी सापाचं सपन आणलं तं वापस पाठवे. "साप मले समजत नाई, मी पुलाचा माणूस." दात पडले, मेलेली सासू आली, हत्ती मांगं लागला, काही नाई चाले. पूल असला तरच खाली बसे. काडीनं धुळीत नदी काढे, तिच्यावरून दोन रेघा ओढे अन् समोरच्याच्या हातात एक खडा दे.

"ठेव. सपन मोडलं तवा कोठी व्हती तू? तथी ठेव."

खरा पूल असन, त्याले कठडा असन, तं बुढा खूश. खडा कोठीही असो. "पूल तं पार कराले असते. जा, कामाले लाग, धराले कठडा हाय तुले." पूल असन पण कठडा नसन, तं म्हणे घरच्या माणसाईसंगं भांडू नोको, त्याईचाच आधार हाय. रपटा असन, तं थांब. तीन रोज घरी राह्य. अन् रपटा पार करून त्या अंगाले पाय टेकला असन, तं खडा उचलून नदीत फेके. मंग म्हणे, तीन रोज घराबाहीर नाई निंघाचं, अन् चौथ्या रोजी अर्ध्या रपट्यावर जाऊन वापस याचं. सपनात जे पुरं केलं ते जागेपणी अर्धं सोडून याचं.

कापूस वेचाले आम्ही बाया सकाळी टोळीनं जाओ. एखादी रपट्याच्या मधातून गर्रकन वापस फिरे, मंग पुन्हा ये, मांगच्या बायाईच्या अंगावर आदळे. आमच्यात एक तोंडाळ बाई व्हती. ती बुढ्याले वरडे, "वावर त्या अंगाले हाय, बुढ्या! अर्ध्यातून वापस आलो तं कापूस काय तुही माय वेचन?"

"माही माय मेली," बुढा म्हणे. "तूच वेच, याडी. पण उद्या वेच."

पोलीस पाटलाले एकदा सपन पडलं का तो पुलावर लघवीले उभा हाय अन् सारं गाव खालून पाहून राह्यलं. लाजत लाजत आला. आम्ही बाया तथीच कपडे धुऊन राह्यलो व्हतो, ते त्याच्या ध्यानात नाई आलं. बुढ्यानं सारं आयकून घेतलं, रेघा ओढल्या, अन् गंभीर तोंड करून इचारलं, "मंग पाणी किती वाढलं?" त्या दिवसापासून पाटील दिसला का बाया तोंडाले पदर लावत.

त्याचं खोटंही निंघे. आमच्या शेजारच्या पोरीले लग्नाआधी सपन पडलं का वरात रपट्यावरून गेली अन् मांगं रपटा फुटला. बुढा म्हणे, लग्न थांबवा. पोरीचा बाप काठी घेऊन धावला त्याच्यावर. लग्न झालं. पोरगी सुखात राह्यली, दोन लेकरं घेऊन दिवाळीले आली. बाप मुद्दाम तिले घेऊन गेला बुढ्यापाशी.

"पाय, खोटं निंघालं तुहं."

बुढ्यानं दोन्ही लेकराईच्या तोंडावरून हात फिरवला. "खोटं निंघालं तं पेढे काहून नाई आणले?"

असा व्हता. अन् अशा माणसाले मी एक शब्द खोटा सांगतला.

तो शब्द कसा आला ते सांगते. त्या सालाईत रपट्याच्या बाजूले नवीन पूल बांधणं सुरू झालं. चार खांब उभे राह्यले अन् काम बंद पडलं. मंग वर्सानुवर्स ते खांब तसेच, त्याच्यावर बगळे बसत. पण पुलाची पाटी लागलती. पाटी लागली अन् गावाची जीभ बदलली. रपट्यालेच पूल म्हणाले लागले. "यष्टी पुलावर आली," "पुलावरून पाणी चाललं." बुढा लय चिडे. "पुलावरून पाणी नाई जात रे, गधेहो! रपट्यावरून जाते!" लोक आणखी मुद्दाम म्हणत.

कापसाचं तवा सारंच बिघडलं व्हतं. एक साल पाणी नाई, एक साल बोंडात अळी. गावात मयताले जाणं अन् वेचणीले जाणं सारखंच झालतं. आमच्यापाशी वावर नोतं, म्हणून लोक म्हणत तुमचं बरं हाय. पण अळी ज्याच्या वावरात त्याच्या वावरात पंप घेऊन आमचाच माणूस जाय. माहा नवरा फवारणीच्या कामाले जाय. त्या साली कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. माणूस आत शिरला का दिसतच नोता, निस्ता पंपाचा आवाज ये. औषध वर मारा लागे, अन् वर मारलेलं हवेनं तोंडावरच ये. घरी आला का अंगाचा वास जात नोता. मी दोनदा साबण लावून देओ. दोन-तीन रोजापासून त्याले गरगरल्यावानी होऊन राह्यलं व्हतं. मी म्हटलं, आज नोको जाऊ. म्हणे, मी नाई गेलो तं वावरवाला दुसऱ्याले सांगन, मंग पुऱ्या हंगामात मले नाई बोलावत.

माहा नवरा सातवी शिकलेला. आम्ही बुद्धाचे. माह्या सासऱ्याच्या वक्ती धम्म घेतलता. नवरा पुस्तकं वाचे, चांगलं बोले. बुढ्यासंगं त्याचं वैर नोतं, दोघं एका डबीतून तमाखू खात. पण सपनाची गोष्ट निंघाली का उठून जाय. मले सांगे, "हे पाय, आपण असल्या गोष्टीतून बाहीर आलो. त्याच्या दारात खडा ठेवाले नाई जाचं."

त्या सकाळी दात घासता घासता तोच हासून म्हणते, "तुह्या झेंडेवाल्या बाबाले सांग, मले आज पूल दिसला. मजेत त्या अंगाले गेलो. चप्पल तेवढी हरपली."

मी हासली. तो आंघोळीले बसला अन् मी घागर घेऊन निंघाली. पाण्यासाठी नोती निंघाली.

बुढा खोलीच्या म्होरं चहा पिऊन राह्यला व्हता. मी सांगतलं. त्यानं चहा खाली ठेवला.

"पूल व्हता का रपटा?"

"पूल."

"तो म्हटला पूल?"

"हो. पूलच म्हटला."

बुढ्यानं काडी हातात घेतली, पण रेघ नाई ओढली. माह्या तोंडाकडं पाहे. "गाव म्हणते तो पूल, का खरा पूल? जाय, इचारून ये, याडी."

घर शंभर पावलं बी नोतं. जाऊन इचारता आलं असतं. पण इचारलं असतं तं नवऱ्याले समजलं असतं मी कोठून आली. अन् तो रपटा म्हटला असता तं मंग? तीन रोज घरी. त्या तीन रोजाचं मी काय करू? डब्यात जवारी दोन भाकरीची राह्यली व्हती. मले पूल पाह्यजे व्हता. नवरा जाणारच व्हता, मले फक्त कोणीतरी म्हणाले पाह्यजे व्हतं का जाऊ दे.

"खरा पूल," मी म्हटलं.

"कठडा?"

"व्हता."

बुढ्यानं रेघा ओढल्या. कठडा काढला, दोन्हीकून. मी खडा त्या अंगाले ठेवला. त्याचं तोंड असं मोकळं झालं का मले आजही दिसते. म्हणे, "जाऊ दे त्याले. धराले हाय."

माह्या मांगून थोड्या येळानं नवरा आला, पाठीवर पंप, हातात डब्बा. रोज बुढा काही ना काही करून त्याले एखांदा मिंट थांबवे, झेंडा दाखवे, तमाखू मांगे. त्या दिवशी त्यानं झेंडा कमरेतून काढला अन् जमिनीकडं केला.

"काय बाबा, आज खाली?" नवरा म्हटला.

"तुले रस्ता मोकळा हाय."

नवऱ्यानं माह्याकडं पाह्यलं. समजलं त्याले. पण तो रागावला नाई. निस्ता मान हालवून हासला अन् रपट्यावरून गेला.

दुपारी त्याले वावरातून उचलून आणलं. तोंडाले फेस, डोळ्याच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. पांढरकवड्याकडं जाणारी एक जीप भेटली, तिले फिरवलं अन् यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तथी त्याच्यासारखे आणखी व्हते, एका रांगेत. तो उठून पळे म्हणून त्याचे हात पलंगाले पट्टीनं बांधले. दोन रोज मले वळखत नोता. तिसऱ्या रोजी वळखलं.

"पायावरून पाणी चाललं वं," म्हणे. "गार लागते. चप्पल गेली."

"कोठचं पाणी?" मी म्हटलं.

"पुलावरचं."

मी तथीच खाली बसली. पुलावरून पाणी नाई जात, हे बुढा किती वर्सापासून वरडून राह्यला व्हता.

पाचव्या रोजी नवरा गेला.

आता लोक म्हणतात ते मलेही समजते. औषध जहरी व्हतं, पऱ्हाटी उंच व्हती, तोंडाले बांधाले निस्ता दुपट्टा व्हता. सपनानं कोणी मरत नाई. नवरा असता तं त्यानंही हेच सांगतलं असतं. अन् मी घरी येऊन म्हटलं असतं का बाबा थांब म्हणते, तं तो थांबला असता का? नसताच थांबला. उलट गेलाच असता. हे सारं मी मनाले सांगून पाह्यलं. पण तीन रोज व्हते ते. मी इचारून आली असती तं निदान ते तीन रोज त्याच्या म्होरं ठेवले असते.

बुढा मयताले आला व्हता. मांगं उभा राह्यला. त्याच्या मनात काय चालू हाय ते मले तवा दिसलं नाई. मले माहंच दिसे.

वेचणी सरली, पऱ्हाट्या उपटल्या, तवा मी त्याच्याकडं गेली. काडी मीच घेतली. नदी काढली, दोन रेघा ओढल्या. कठडा नाई काढला. खडा उचलून त्या अंगाले ठेवला.

"रपटा व्हता, बाबा. मी खोटं सांगतलं."

मले वाटलं तो शिव्या देईन. मी त्याच्यासाठीच गेलती. कोणीतरी एकदा जोरात बोललं असतं तं बरं झालं असतं.

बुढा खड्याकडं पाहत राह्यला. मंग बोलला, तं माह्याशी नाई, नदीकडं पाहून.

"माही लेक तथी उभी व्हती. पाणी घोट्याएवढं. डोक्यावर गाठोडं. 'बा, येऊ का?' म्हणे. मी सकाळीच सपनात पाह्यलं व्हतं तिले. रपटा पार करून आली व्हती, माह्या दारात पाय धुऊन राह्यली व्हती." त्यानं कमरेचा झेंडा चाचपला. "मी झेंडा खाली केला."

गावाले वाटे, लेक आपल्याच मनानं पाण्यात उतरली अन् वाहून गेली.

"मी बोलावली तिले," बुढा म्हणे. "जिनगानीत दोनदा मी सपनाच्या भरोशावर झेंडा खाली केला, याडी. एकदा तिच्यासाठी, एकदा तुह्या माणसासाठी."

"तुमचं काय त्यात? खोटं तं मी बोलली."

"झेंडा माह्या हातात व्हता."

त्यानं तळव्यानं रेघा पुसल्या. नदीही पुसली. खडा नाई फेकला, तथीच पडू देला.

मी वझं उतरवाले गेलती. उतरवलं खरं, पण कोठी, तं त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर. नवऱ्याचं मी देवाच्या, कर्माच्या नावानं काही बोलत नाई, आमच्यात तसं नाई. पण हे दुसरं मी जाणूनबुजून केलं. चूप राह्यली असती तं बुढ्याले वाटलं असतं, सपन पुन्हा खोटं निंघालं, आपलं काही समजत नाई. त्याचं खोटं निंघण्यावरच तं तो हासे.

त्याच्यानंतर सपनं बंद. कोणी गेलं का म्हणे, "मले नाई समजत." पाटलाले पुन्हा एकदा काही दिसलं व्हतं, तो बिचारा मुद्दाम हासाले म्हणून गेला. बुढा हासला नाई. झेंडा त्यानं एका लांब बांबूले बांधला अन् रपट्याच्या तोंडाले रोवला. वर. कायमचा. सलामही बंद झाला. पयले पयले यष्टी थांबे, डायवर वाट पाहे का बुढा येईन अन् खाली करन. मंग कोणी थांबत नोतं. हवेनं झेंड्याच्या चिंध्या झाल्या.

दुसऱ्या सालच्या हिवाळ्यात बुढा गेला. तांड्यातले लोक येऊन घेऊन गेले. टिनाच्या खोलीत काय निंघालं, तं एक चहाचं भगोणं, मिठाची पुडी, अन् कोपऱ्यात खडे. ओंजळभर. सारखे गोल, नदीतलेच. येणाऱ्याईच्या हातात द्याले निवडून ठेवले असतीन.

पूल त्याच्याही नंतर झाला. उंच हाय, दोन्हीकून कठडा हाय. यष्टी आता भन्नकन जाते, कोणतं गाव आलं ते आतल्या माणसाले समजतही नाई. मी पुलावरून नाई जात. रपटा खाली हायच, फुटला हाय कोठी कोठी, पण पाय टाकाले जागा हाय.

मलेही सपन पडते. एकच. रपट्यावरून पाणी चाललं हाय. त्या अंगाले माहा नवरा उभा, अनवाणी, पाठीवर पंप नाई. या अंगाले बुढा. झेंडा वर, लालभडक, नवा. मी म्हणते, "बाबा, पाणी उतरलं ना आता." तो माह्याकडं पाहतही नाई. म्हणते, "तुले काय घाई हाय?"

खडा कोठी ठेवाचा ते इचाराले आता कोणी नाई.

सकाळी उठून मी वेचणीले जाते. गुडघे दुखतात, ओटीत पयल्यासारखा कापूस मावत नाई, तरी जाते. रपट्याच्या मधात आली का पाय आपसूक थांबतात. वाटते, इथूनच वापस फिरावं.

पण वावर त्या अंगाले हाय.